नाशिकमध्ये समुद्री टँक: प्राणी निवडताना आणि सांभाळताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गेली नऊ वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक आहे. प्रवाळ, दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, कोळंबी, गोगलगाई. घरी येणारा प्रत्येक जण पाच मिनिटं टँकसमोर उभा राहतो आणि मग विचारायला लागतो. ज्यांना खरोखर टँक करायचा असतो त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. यातला मोठा भाग निवडीबद्दल आहे. मी पाहिलेले बहुतेक मासे वाईट देखभालीने मेले नाहीत, ते त्या टँकमध्ये आणायलाच नको होते.

समुद्र इतका लांब असताना नाशिकमध्ये हे जमतं का?

जमतं. टँकला समुद्र जवळ असावा लागत नाही. शुद्ध पाणी आणि रीफ सॉल्ट (प्रवाळाच्या टँकसाठी बनवलेलं मीठ) मिळालं की पाणी घरीच तयार होतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षार मोजायचं छोटं उपकरण) १.०२५ ते १.०२६. शंभर लिटरला साडेतीन-पावणेचार किलो मीठ लागतं. अडचण आपल्या हवेची आहे. मुंबईत वर्षभर पाणी गार ठेवण्याचीच काळजी असते. इथे मे महिन्यात पाणी गार करायचं आणि जानेवारीत गरम, असं दोन्ही करावं लागतं.

मुंबईहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं तर?

नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, गाळ, बोटींचं तेल असतं, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता कुठल्या कुठे घसरते. खडेमीठही चालत नाही. ते जवळजवळ फक्त सोडियम क्लोराइड असतं. प्रवाळाला आणि गोगलगाईला कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट लागतं, ते त्यात नसतं. मुद्दाम रीफसाठी बनवलेलं मीठच घ्या आणि गोणीचं तोंड घट्ट बांधून ठेवा. पावसाळ्यात उघडी गोणी ओल धरते आणि मिठाचा दगड होतो.

आमचं पाणी गंगापूर धरणाचं, चांगलं आहे. तेच वापरलं तर?

पिण्यासाठी चांगलं आहे. त्यात क्लोरीन असतं आणि ते टँकमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. क्लोरीन काढलं तरी नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका राहतात. बोअरचं पाणी तर आणखी जड. आपल्याकडे ते बेसाल्टमधून झिरपत येतं, त्यामुळे त्यात सिलिका असते. नव्या टँकच्या काचेवर आणि वाळूवर येणाऱ्या तपकिरी थराला सिलिका म्हणजे खुराकच.

घरच्या आरओचं पाणी जवळ पोचतं, पण बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. ते मिसळण बंद करून घ्या, पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) एक डबा जोडा आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याला टेकला की पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला ठेवता येतं. उन्हाळ्यात पाणीकपात लागते तेव्हा हे ओतून द्यायला जिवावर येतं.

टँक केवढा घ्यायचा?

सुरुवातीला ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर. त्यात कच्च्या हिशोबाने १८० लिटर पाणी मावतं. छोटा टँक सोपा वाटतो, पण चाळीस लिटर पाणी दुपारभरात तापतं, आणि एक गोगलगाय मेली तरी नासतं. मात्र १८० लिटरचा टँक दगड, वाळू, काच आणि स्टँड धरून अडीचशे किलोच्या आसपास जातो. तो भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा, गॅलरीत कधीच नाही.

टँक भरला. मासे कधी आणायचे?

चार ते सहा आठवड्यांनी. या काळात डोळ्यांना न दिसणारं काम चालू असतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत वसतात आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि त्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो. म्हणून टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय काहीही सोडू नका.

काही दुकानदार टँक 'चालू' करायला दोन-तीन डॅमसेल मासे देतात, कारण ते स्वस्त आणि काटक. हे करू नका. तो मासा अमोनियात होरपळतो. वाचलाच, तर तीन ठिपक्यांचा डोमिनो डॅमसेल सगळा टँक आपला समजतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला टोचून हैराण करतो. त्याला पकडायला मग सगळे दगड बाहेर काढावे लागतात. बंद बाटलीतला अमोनिया मोजून घातला तरी जिवाणू तितकेच चांगले वाढतात.

पहिला मासा कोणता?

टँकमध्ये जन्मलेल्या ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी. हा मासा आठ-नऊ सेंटीमीटरच्या पुढे फारसा वाढत नाही, कोरडं-गोठवलेलं सगळं खातो आणि चांगला सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलगी बालवाडीत असताना घेतलेला मासा ती कॉलेजात जाईपर्यंत सोबत असू शकतो, हे घेण्याआधी घरात बोलून घ्या.

जोडी घेताना दोन्ही लहान आणि आकाराने थोडे वेगळे निवडा. क्लाउनफिश जन्मतः नर असतात. गटातला सर्वांत मोठा आणि वरचढ मासा मादी होतो, त्याखालचा तिचा नर. मादी मेली तर नराची मादी होते. म्हणून दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र टाकल्या तर एक जीव जातोच.

'टँकमध्ये जन्मलेला' हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडत नाही. क्लाउनफिशचं प्रजनन आपल्या देशात होतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीला कांदळवन विभागाच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. असा मासा पहिल्या दिवसापासून काचेत वाढलेला असतो, दाणे ओळखतो, त्याच्या अंगावर रोगही कमी असतात. आणि त्याच्यासाठी कुठल्या प्रवाळावरून एक जोडी उचलली गेलेली नसते.

क्लाउनफिशनंतर वॉचमन गोबी, फायरफिश, रॉयल ग्रामा यांतला एखादा. फायरफिश घाबरला की उडी मारतो, त्यामुळे टँकवर जाळी हवीच. या आकारात चार-पाच लहान मासे म्हणजे टँक भरला.

क्लाउनफिशला समुद्रफूल लागतंच ना?

अजिबात नाही. समुद्रात ते त्याच्या आडोशाला राहतात कारण तिथे त्यांना खाणारे असतात. टँकमध्ये ते एखाद्या प्रवाळात, कोपऱ्यात, कधी पंपाजवळ घर करतात आणि मजेत राहतात.

समुद्रफूल म्हणजेच अ‍ॅनिमोनी. तो प्राणी आहे, त्याला तीव्र प्रकाश आणि स्थिर, जुनं झालेलं पाणी लागतं. टँकला निदान आठ-दहा महिने होईपर्यंत त्याचा विचारही करू नका. जागा आवडली नाही की तो चालायला लागतो, वाटेतल्या प्रवाळाला डंख करतो, आणि वेव्हमेकरमध्ये (पाणी हलवणारा पंप) अडकून चिरला गेला तर सगळं पाणी नासवतो. ठेवायचाच असेल तर बबल टिप जातीचा घ्या, आणि सगळ्या पंपांना आधी जाळी लावा.

दुकानात मासा बघताना काय बघायचं?

पहिली गोष्ट: तो खातो का. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. त्याने टाळलं तर तुम्हीही तो मासा टाळा. मग पाच मिनिटं काही न बोलता बघत उभे राहा. कल्ले एकसारखे, शांत हलतायत का? मासा पृष्ठभागाशी धापा टाकत असेल, एका बाजूचाच कल्ला हलवत असेल, दगडावर अंग घासत असेल तर तिथेच थांबा. डोळे स्वच्छ हवेत. डोक्यामागचा भाग आणि पोट आत गेलेलं नको. पाठ सुरीसारखी दिसायला लागली असेल तर मासा बरेच दिवस उपाशी आहे, आणि त्यातून तो क्वचितच सावरतो.

दुसरा प्रश्न: हा आला कधी? नाशिकच्या दुकानांत समुद्री मासे बहुधा मुंबईहून ऑर्डरप्रमाणे येतात. काल रात्री आलेला मासा आज घरी नेला तर त्याचा दोन दिवसांत दुसरा प्रवास होतो. थोडा अ‍ॅडव्हान्स द्या आणि आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. चांगला दुकानदार हो म्हणतो. सायनाइडची धार मारून पकडलेले मासेही या आठवड्यात बऱ्याचदा उघडे पडतात. ते सुरुवातीला छान, अगदी झळाळते दिसतात आणि काही दिवसांत विनाकारण मरतात.

कोणते प्राणी मुळीच घेऊ नयेत?

मुलं 'फाइंडिंग निमो' सिनेमातला निळा मासा, म्हणजे डोरी, मागतात, तिथून सुरुवात करतो. निळा टँग तळहाताएवढा दिसतो तेव्हा पिल्लू असतो. तो तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पाचशे लिटरच्या पुढचं, लांबलचक पाणी लागतं. त्याचं प्रजनन इतकं अवघड आहे की बंदिस्त टाकीत ते पहिल्यांदा साधलं २०१६ मध्ये, अमेरिकेत. बाजारातला जवळजवळ प्रत्येक निळा टँग समुद्रातून पकडलेला असतो. मुलांना क्लाउनफिश दाखवा, तो त्यांना तितकाच आवडतो.

बटरफ्लायफिशच्या बऱ्याच जाती प्रवाळच खातात. मूरिश आयडॉल टँकमध्ये उपाशी मरतो. क्लीनर रास हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून जगतो, दोन-चार माशांच्या टँकमध्ये त्याचं पोट भरत नाही. काळा-निळा ट्रिगर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सापडतो म्हणून स्वस्तात मिळतो, पण तो कोळंबी आणि खेकडे फोडून खातो. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो, आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं.

आणि मँडरिन. निळ्या-केशरी नक्षीचा हा मासा एकदा पाहिला की विसरता येत नाही. दुसऱ्या वर्षी मी तो आणला. तो दिवसभर दगडावर टिपत असायचा, मला वाटायचं खातोय. तो कोपेपॉड शोधत होता, वाळूच्या दाण्याहून लहान जीव, आणि माझ्या नव्या टँकमधले ते त्याने तीन आठवड्यांत संपवले. गोठवलेलं अन्न त्याने तोंडातही धरलं नाही. तीन महिन्यांत तो माझ्यासमोर वाळत गेला. जुना, मोठा, कोपेपॉडनी भरलेला टँक असेल, किंवा मासा दुकानात गोठवलेलं खाताना तुम्ही स्वतः पाहिला असेल, तरच मँडरिन घ्या.

प्रवाळ कोणतं घ्यावं? कायद्याचं काय?

कायदा आधी. दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ, काळं प्रवाळ, सी फॅन, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सगळे समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. भारतीय समुद्रातून काढलेला त्यांचा तुकडा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, वाळलेला शोभेचा तुकडासुद्धा. परदेशी दगडी प्रवाळ साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखाली येतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. समुद्री घोडा तर कुणी दाखवला तरी हात लावू नका.

नव्या माणसाने मऊ प्रवाळ आणि मश्रूम प्रवाळ यांच्यापासूनच सुरू करावं. लेदर कोरल, झेनिया, डिस्कोसोमा मश्रूम, झोअँथस. कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेल्या वसाहतीचा कापलेला तुकडा, म्हणजे फ्रॅग, मिळाला तर उत्तम. नाशिकमधले जुने हौशी लोक फ्रॅग आनंदाने देतात. या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर बनवतं आणि प्रवाळाला पोसतं. पाणी बरेच दिवस ३० अंशांवर राहिलं की ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात सध्या जे घडतंय तेच.

मऊ प्रवाळाला अगदी 'कोरं' पाणी नको असतं. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम असलं तरी ते खूश असतं. अल्कलिनिटी (कार्बोनेटचं माप) ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि आकड्यापेक्षा आकडा स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं.

प्रवाळ विषारी असतं असं ऐकलं. खरं का?

काहींचं खरं आहे, आणि हे हलक्यात घेऊ नका. पॅलिथोआ आणि काही झोअँथसमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. नैसर्गिक विषांत ते अत्यंत तीव्र समजलं जातं. हे प्रवाळ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, पाण्याबाहेर घासू नका. त्यांनी माखलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणीही ओतू नका. वाफेतून विष फुफ्फुसात जातं आणि अख्खं कुटुंब दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हाताला जखम असेल त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नका.

मुंबईहून प्राणी आणताना काय काळजी घ्यायची?

थर्माकोलचा खोका, आत अंधार, गाडीत एसी. मे महिन्यात डिकीत ठेवलेली पिशवी कसारा घाट चढेपर्यंत तापलेली असते. शक्यतो पहाटे निघा.

घरी आल्यावरची घाई आणि उशीर दोन्ही नडतात, आणि त्याचं कारण रसायनात आहे. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो, आणि साठलेला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून चेन्नईहून दिवसभर कुरिअरने आलेल्या माशाला दोन तास थेंब-थेंब पाणी देत बसू नका. पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा. दुकानातली क्षारता आधी फोनवर विचारून क्वारंटाइनच्या, म्हणजे नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टँकच्या, पाण्याची क्षारता तितकीच ठेवलेली असू द्या, मग मासा लगेच सोडा. मुंबईहून चार-पाच तासांत आलेल्या कोळंबी आणि गोगलगाईला मात्र सावकाश थेंबांनी सवय लावा, त्यांना क्षारतेतला फरक सोसत नाही. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्यात तांब्याचं औषध असू शकतं, आणि तांबं कोळंबीला मारतं.

क्वारंटाइन खरंच लागतं का? अंगावर पांढरे ठिपके आले तर?

लागतं. चाळीस-पन्नास लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. प्रत्येक नवा मासा तिथे निदान महिनाभर.

मिठाच्या दाण्यासारखे ठिपके म्हणजे बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. तो काही दिवस माशावर राहतो, मग गळून वाळूत-दगडावर गाठ बांधतो आणि त्यातून शेकडो नवी पिल्लं निघतात. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणजे मासा बरा झाला असं समजू नका. सगळे मासे बाहेर काढून तांब्याचा उपचार वेगळ्या टँकमध्ये करा, मात्रा तांब्याच्या टेस्ट किटने मोजत. मुख्य टँक सुमारे अडीच महिने माशांशिवाय ठेवा. प्रवाळ-कोळंबी तिथेच राहू शकतात. ठिपके खूप बारीक, पिठासारखे असतील आणि मासा धापा टाकत असेल तर तो वेल्व्हेट हा दुसरा रोग. तिथे तासांचा हिशोब असतो, लगेच हालचाल करा.

एप्रिल-मेमध्ये पाणी कसं गार ठेवायचं? आणि थंडीत?

पाणी २५ ते २७ अंशांत हवं. बाहेर ४० असताना बंद फ्लॅटमधला टँक ३१-३२ ला सहज जातो. पण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि हा नाशिककराचा मोठा फायदा आहे. पाण्यावर तिरका वारा मारणारे छोटे पंखे बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरवतात. मुंबईच्या दमट हवेत तेच पंखे फारसं काही करत नाहीत. माझं सात वर्षं पंख्यांवर निभावलं, मग दगडी प्रवाळ आलं तेव्हा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेतला. चिलरची गरम हवा त्याच खोलीत कोंडू देऊ नका.

पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या टँकमधून मे महिन्यात रोज चार-पाच लिटर कमी होतं. ती भर नेहमी गोड्या आरओ पाण्याने घालायची. खारं पाणी घालत गेलात तर आठवड्याभरात क्षारता इतकी चढते की गोगलगाई बंद होऊन पडतात.

थंडीत लिटरला साधारण एक वॅट धरून हीटर घ्या, आणि एका मोठ्यापेक्षा दोन लहान. थर्मोस्टॅट अडकून हीटर चालूच राहिला तर एकटा लहान हीटर टँक उकळू शकत नाही. निफाडकडचे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात त्या रात्री मी झोपण्याआधी थर्मामीटर बघूनच दिवा मालवतो.

लाईट गेली तर?

माशांना पहिल्यांदा ऑक्सिजन कमी पडतो. कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर जोडा, पृष्ठभाग हलता ठेवला की बराच वेळ निभावतं. हीटर आणि चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी तासाभरात बसेल. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. एका वळवाच्या पावसात आमच्याकडे अकरा तास लाईट नव्हती. मी आणि बायकोने पाळीपाळीने मगाने पाणी वर उचलून ओतलं, आणि एकही मासा गेला नाही.

रोजचं काम किती? गावाला गेल्यावर काय?

रोज वीस मिनिटं, रविवारी दोन तास. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदल, नवं पाणी आदल्या दिवशी पंप लावून मिसळलेलं आणि त्याच तापमानाचं. दिवाळीत गावाला जाताना शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात. रोजच्या पुड्या बांधा, वर वार लिहा, आणि उरलेला डबा कपाटात ठेवा.

टँक बंद करायचा झाला तर प्राणी कुठे सोडायचे?

कुठेच सोडायचे नाहीत. गोदावरीत ते तडफडून मरतील, आणि मुंबईच्या समुद्रात सोडणं त्याहून धोक्याचं. इंडो-पॅसिफिकमधला लायनफिश अटलांटिकमध्ये असाच पसरला आणि तिथले लहान मासे फस्त करत सुटला. कॉलेर्पा हे शोभेचं शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि भूमध्य समुद्रात मैलोन्‌मैल पसरलं. दुसऱ्या हौशी माणसाला द्या, दुकानदाराला परत द्या, फुकट द्या. जुनं खारं पाणी झाडांना घालू नका, ते मोरीत ओता. दगड पुन्हा वापरायचे नसतील तर महिनाभर कडक उन्हात वाळवा. त्यांवर झोअँथस असतील तर आधी हातमोजे घाला.